बोलीची फी

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. आमच्या गल्लीत तो सकाळी येतो, लांबूनच हॉर्न वाजवत, आणि बायका घागरी-कळश्या घेऊन पळत सुटतात. आमचे हे मात्र रिकाम्या हातानं जातात. टँकरचा ड्रायव्हर तांड्यावरचा आहे. त्याच्या खिडकीशी उभं राहून हे त्याच्याशी लमाणी बोलतात. पाणी संपतं, पाइप गुंडाळला जातो, बायका पांगतात, तरी ह्यांचं बोलणं सरत नाही. एरवी गुडघे धरून चालणारा माणूस. पण ती बोली तोंडात आली की मान ताठ होते, हात हलायला लागतात आणि हसू तर असं फुटतं की घरात मी तसं क्वचितच ऐकलं असेल. मी दारात हंडा घेऊन बघत उभी असते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी दुखतं.

मत्सर हा शब्द मला पुढं पुस्तकात भेटला. सासरी त्याला पोटात दुखणं म्हणतात. माझ्या माहेरच्या कानडीत मात्र होट्टिकिच्च म्हणतात, म्हणजे पोटाला लागलेली आग. मराठीत नुसतं दुखतं, एखादं पान ओव्याबरोबर चावलं की थांबेलही. कानडीत घर पेटतं. माझं जे काही होत होतं ते कानडीतलं होतं, आणि तेच सांगायला घरात कानडी समजणारं कोणी नव्हतं.

माझं माहेर उमरग्याच्या पलीकडं, हद्दीच्या त्या अंगाला. आईचं माहेर इकडचं, त्यामुळं मराठी मला लहानपणापासून येत होती, पण ती पाहुण्यांशी बोलायची भाषा होती. भांडण, रडणं, स्वप्न, देव, हिशेब, सगळं कानडीत. लग्न होऊन मी येरमाळ्याच्या अलीकडच्या ह्या गावात आले आणि कानडी एकदम बंद झाली. माहेरी जाताना धाराशिव, तुळजापूर मागं पडायचं, जळकोट सुटलं की एस.टी.त चढणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एखाद-दुसरा कानडी शब्द ऐकू यायचा, आणि मी खिडकीची जागा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. ओळख ना पाळख. त्यांनी नुसतं 'ऊटा आत?' म्हणून जेवणाची चौकशी केली तरी माझे डोळे भरून यायचे. बायकांना वाटायचं, पोरगी सासरहून भांडून आलीय.

भांडण कसलं? सासर चांगलं होतं. सासरे नव्हते. सासूबाई तोंडानं फटकळ, पण ताटात कधी दुजाभाव केला नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. हे शांत, कामसू, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझा भाऊ मला भेटायला आला. अंगणात बाजेवर बसून आम्ही दोघं बोलत होतो. बोलत कसले, ओरडतच होतो. इतक्या महिन्यांचं साठलेलं. हे आतून आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "घरात समद्यांना कळंल असं बोलावं."

रागानं नाही हो. संस्थेच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिलेलं असतं, तितक्याच शांतपणानं. भाऊ ओशाळला. त्यानंतर तो आला की माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचा, आणि सख्ख्या भावाच्या तोंडून ते पाहुण्यांचं मराठी ऐकताना मला वाटायचं, हा माझ्याकडं नाही, ह्यांच्याकडंच आलाय. मग माझी कानडी स्वयंपाकघरात शिरली. मी भाकऱ्या मोजायची ती कानडीत, ओठातल्या ओठात, 'ओंद, येरड, मूर.' मांजराला शिव्या द्यायची त्या कानडीत. मांजराला समद्यांना कळायची अट नव्हती.

नवऱ्यानं माझी भाषा शिकावी असं मला वाटत होतं का? वाटत होतं. लई वाटत होतं. नव्या नवरीनं सोन्याची बोरमाळ मागावी तसं मी मनातल्या मनात मागत होते की ह्यांनी एकदा विचारावं, 'पाण्याला तुमच्यात काय म्हणतात गं?' एवढंच. एक शब्द. मी शंभर फुकट दिले असते. ह्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण न मागता दिलेल्याची किंमत काय असते ते कोणत्याही सुनेला विचारा.

त्यात ती कोरडी वर्षं आली. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो काळ. त्या उन्हाळ्याची आठवण मला नाकातून येते. कडुनिंबाचा मोहोर जसा नेहमी येतो तसा आलाच होता, निंबाला दुष्काळ कळत नाही. त्या वासात बोअरच्या मशीनची भुकटी मिसळलेली, आणि रिकाम्या दुधाच्या कॅनचा आंबूस वास. रस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली होती, दिवसभर लांबून हातोड्यांचा आवाज यायचा. येडाईच्या यात्रेला माणसं गेली ती डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन. आभाळ तर असं स्वच्छ की बघायची भीती वाटावी. आणि दूध आटत चाललं होतं. गावातल्या गाई-म्हशी अर्ध्यावर आल्या. दूध संघाची गाडी आमच्या फाट्यावर यायची ती बंद होईल अशी बोलणी सुरू झाली. गाडी बंद म्हणजे संस्था बंद, आणि संस्था बंद म्हणजे ह्यांची नोकरीच बंद.

तेव्हा ह्यांची नजर तांड्याकडं गेली. गावापासून मैलभरावर माळावर लमाणांचा तांडा. त्यांच्या गाई डोंगराच्या कुशीला जिथं काडी मिळेल तिथं चरायच्या, थोडं का होईना दूध द्यायच्या. तांड्यावरच्या बायका दूध घेऊन यायला लागल्या. आरशांच्या काचोळ्या, कोपरापासून वरपर्यंत बांगड्या, आणि चालण्याचा असा आवाज की वळणावरूनच कळायचं. संस्था आमच्याच घरात होती. पुढची खोली संस्थेला भाड्यानं दिलेली, तिच्या मागं माझं स्वयंपाकघर, मध्ये एक मातीची भिंत आणि भिंतीत उंचावर धूर जायला झरोका. दुधाचं माप पडलं की मला चुलीपाशी ऐकू यायचं.

हे दुधात मीटर सोडून बघायचे. एखादीच्या दुधात पाणी निघालं की ते दूध परत. मग त्या बायका एकमेकींकडं बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणायच्या आणि हसत निघून जायच्या. ह्यांना ते फार लागायचं. "काय म्हनत असतील गं?" जेवताना मला विचारायचे. मी म्हणायची, "मला काय कळतंय? समद्यांना कळंल असं कुठं बोलत्यात त्या?" पण टोमणा ह्यांच्यापर्यंत पोचायचा नाही. भाकरीबरोबर गिळून टाकायचे.

त्या बायकांत जमनाबाई म्हणून एक होती. वय पन्नाशीपुढचं, अंगानं काटक, आवाज खणखणीत. पहिल्या बिलातून ह्यांनी तिचे शेअरचे पैसे कापून घेतले तेव्हा ती माप सोडून तिथंच खाली बसली.

"शेअर म्हंजी काय, सेक्रेटरी?"

"म्हंजी तू आता संस्थेची मेंबर झालीस, बाई. मेंबर व्हायचं तर शेअर घ्यावा लागतो."

"फुकट मेंबर करा की. दूध आमचंच हाय."

"फुकट मेंबर झालं की मानूस संस्था आपली समजत न्हाय. गाठीचं चार पैसं घातलं की मंग जीव लागतो."

जमनाबाईनं ते वाक्य कनवटीला बांधल्यासारखं नेलं. थोड्या दिवसांनी ह्यांनी तिला विचारलं, "बाई, तुमची बोली मला शिकीवशील का?" तेव्हा तिनं ते सोडून ह्यांच्यापुढं ठेवलं. "शिकीवते की. पर शेअर घ्यावा लागंल. फुकट मेंबर झालं की मानूस बोली आपली समजत न्हाय."

आणि तिनं फी सांगितली. दर बाजाराच्या दिवशी, आगाऊ. चुकला तर दिवस बुडाला, पैसे परत नाहीत. हे हसले आणि कबूल झाले. भिंतीआड माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. बोलायला शिकवायचे पैसे? पारावर तोच विषय. कोणी म्हणे, उद्या लमाणीण श्वास घ्यायची फी लावील. कोणी म्हणे, सेक्रेटरीचं डोकं उन्हानं फिरलं. पण गंमत अशी की फी आहे म्हटल्यावर आणखी दोघं आली. दवाखान्याच्या नर्सबाई आल्या, कारण तांड्यावरच्या बाळंतिणी त्यांच्यापुढं तोंड उघडत नव्हत्या. शाळेचे एक मास्तर आले, ते का आले ते त्यांनाच ठाऊक, बहुतेक संध्याकाळी करमत नसावं. संध्याकाळचं दूध गाडीला लावलं की पुढच्या खोलीत शिकवणी बसायची. सोड्यानं धुतलेले कॅन उपडे करून त्यावर हे तिघं, आणि पोत्यावर जमनाबाई.

तिचा पहिला नियम, कागद बंद. "कागदावर ठिवली की बोली तिथंच ऱ्हाती, घरी येत न्हाय." दुसरा, जे ती म्हणेल ते करायचं. ती म्हणायची, 'आव', की उठून पुढं यायचं. 'बेस' म्हटलं की बसायचं. एवढे मोठे सेक्रेटरी, मास्तर, नर्सबाई तिच्या तोंडाकडं बघून उठत-बसत. आणि तिला हाक मारायची ती 'याडी' म्हणून. याडी म्हणजे आई.

हे ऐकून आत्याबाईंची जी चिडचिड सुरू झाली ती काय सांगू. आमचं सासू-सुनेचं त्याआधी कधी इतकं जमलं नव्हतं. दोघी चुलीपाशी बसून भिंतीकडं बघत जळायचो.

"नऊ म्हैनं म्या वागीवलं," त्या पिठाच्या परातीला सांगायच्या, "आन् आई म्हनतोय तिला. वर पैसं देऊन. इकत घेतलीय आई."

"तुम्ही तरी आई आहात," मी म्हणायची. "मला तर कोणाच्या भाषेत काहीच म्हणत न्हाईत."

त्या माझ्याकडं जरा बघायच्या आणि चहा जास्त साखर घालून करायच्या.

एखादी बाई सवत म्हणून आली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या उन्हाळ्यात खरंच वाटायचं. तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. तिचं नाक नकटं आहे, रंग काळा आहे, असं काहीतरी म्हणता आलं असतं. बोलीला नाक कुठलं? हे शिकवणी संपवून घरात यायचे ते त्या नादातच. हात धुताना ओठ हलायचे. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून 'बाटी, बाटी' म्हणायचे आणि स्वतःशीच खूश व्हायचे. माझ्या घरात, मी थापलेल्या भाकरीला, माझ्यासमोर परक्या नावानं हाक. त्या भाकरीला 'रोट्टी' म्हणणारी मी समोर बसलेली आणि मला कोणी विचारत नाही. तळपायाची आग मस्तकाला जायची. मी ताट उचलायची ते पोट भरायच्या आधीच. ह्यांना ते कळायचंही नाही, कारण शब्दांनी त्यांचं पोट भरलेलं असायचं.

मी शिकवणीच्या वेळी मुद्दाम स्वयंपाक काढायची. ऐकायला नव्हे, चुका काढायला. ह्यांना कोणता शब्द आला नाही, हे कुठं अडखळले, ते ऐकून मला गार वाटायचं. जमनाबाई ह्यांना झापायला लागली की मी तव्यावरचा हात थांबवून कान टवकारायची. आणि ह्यांचं एखादं वाक्य बिनचूक उतरलं, ती 'हां!' म्हणाली, की माझा हात भाकरीवर असा बसायचा की आत्याबाई म्हणायच्या, "परात फुटंल, बाई."

मत्सरानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मला उलटा अनुभव आहे. त्या दिवसांत मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं. मास्तरांचा घोगरा आवाज, नर्सबाईंचं हसू, ह्यांच्या घशातली प्रत्येक अडखळ. प्रेमानं ऐकणारं माणूस निम्मं सोडून देतं. जळणारं काहीच सोडत नाही. एके संध्याकाळी पलीकडून 'बेस' असा आवाज आला आणि मी, हातात उलथणं घेऊन उभी असलेली, सरळ पाटावर बसले. मग एवढी चिडले की मुद्दाम पुन्हा उठून उभी राहिले.

आषाढ आला. ढग यायचे, थांबायचे, निघून जायचे. तांड्यावरच्या बायका माळावर उभ्या राहून वर बघायच्या. दूध आणखी कमी झालं होतं, तरी शिकवणी चालू होती. आणि मग ती संध्याकाळ आली.

जमनाबाईनं त्या दिवशी सांगितलं की आता ती एक गंमत सांगेल, सगळी तिच्या बोलीतच, आणि ज्याला कळेल तो हसेल. ती सांगू लागली. एक सेक्रेटरी होता. त्याला दुधात मीटर सोडायची इतकी सवय लागली की समोर दिसेल त्यात तो मीटर सोडायचा. ताकात सोडलं, चहात सोडलं. एकदा बायकोनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं त्यात मीटर सोडलं, बराच वेळ बघितलं आणि तांब्या परत देत म्हणाला, घेऊन जा, ह्यात पाणी लई हाय.

पलीकडं कोणी हसलं नाही. फी भरलेली तिघं जणं कॅनवर बसून शब्द जुळवत होती. आणि अलीकडं मी फिसकन हसले. आवरायला गेले तर आणखी मोठ्यानं हसले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डोळ्यांपुढं ह्यांचा चेहरा येत होता, तांब्यात वाकून बघणारा.

झरोक्यातून माझं हसणं सरळ शिकवणीत जाऊन पडलं असणार. आधी मास्तरांचा खाकरण्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. जमनाबाई पुढच्या दारानं फिरून माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. मागं हे, तोंड लाल झालेलं.

"हिला कधी शिकीवली तुमी?" तिनं ह्यांना विचारलं.

"म्या न्हाय शिकीवली," हे म्हणाले. "हिला काय बी येत न्हाय."

"आल्याबिगर हसती व्हय?" ती आत आली आणि चुलीपाशी, आत्याबाईंच्या शेजारी, बसली. "भिताडाआडून शिकली तरी शिकलीच. मेंबर झालीस. तुझा शेअर दे."

मी तापलेली होतेच. म्हटलं, "मी शिकायला बसले नव्हते. माझ्या घरात मी भाकरी करत होते. आणि पैसे माझ्याकडं न्हाईत."

"पैसं कोन मागतंय? तुझ्याजवळ हाय ते दे. तुझी कानडी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी कानडी बोलते हे गावातही फारसं कोणाला माहीत नव्हतं.

"तुला काय ठाऊक?"

"भिताडाला दोन बाजू असत्यात, पोरी. तू भाकऱ्या मोजतीस ते म्या रोज ऐकती. ओंद, येरड." तिच्या तोंडून ते आकडे इतके नीट आले की मी उलथणं खाली ठेवलं. मग तिचा आवाज उतरला. "मागल्या साली आमची टोळी ऊसतोडीला तिकडल्या कारखान्यावर गेली व्हती. हद्दीपल्याड. माझी सून तिथं तापानं फणफणली. डाक्टर कानडी, कंपौंडर कानडी. म्या तिला धरून उभी आन् सांगता येईना, ताप कवापासनं हाय, पोटात काय दुखतंय, दोन जिवाची हाय. ती वाचली, पर पोटातलं गेलं. दसऱ्यानंतर पुन्यांदा तिथंच जायचंय. म्या पुन्यांदा मुकी जानार न्हाय."

आत्याबाई परातीवरून उठून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिच्यापुढं ठेवला. हे उंबऱ्यातच उभे होते. लग्नाला इतके दिवस झाले होते, आणि ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो आला तो नवऱ्याच्या तोंडून नाही, त्या बाईच्या तोंडून आला जिच्यावर मी सगळा उन्हाळा जळले. मला आनंद झाला म्हणू, तर झालाच. पण त्याहून जास्त राग आला. ह्यांनी विचारायला हवं होतं. ह्यांच्या वाटणीचा प्रश्न दुसऱ्यानं येऊन विचारला होता.

तिनं तांब्याकडं बोट केलं. "ह्याला काय म्हनत्यात?"

"नीर," मी म्हटलं. आणि रडायला आलं ते धुरावर घातलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जमनाबाई माझ्याकडं यायला लागली. खडी फोडून यायची, अंगावर पांढरी धूळ. मी तिचीच पद्धत उचलली. कागद बंद, म्हणेन ते करायचं. तिला सगळ्यात आधी दवाखान्याचे शब्द हवे होते, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. मी डॉक्टर व्हायची, आत्याबाई आजारी पडायच्या. आत्याबाईंना ते काम फार आवडलं. कण्हण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. ताप, उलटी, चक्कर, दिवस गेलेले आहेत, हे सगळं जमनाबाई घोकून घोकून म्हणायची, आणि चुकली की स्वतःच्याच गालात मारून घ्यायची. पावसाला काय म्हणतात तेही एकदा तिनं विचारलं. मी सांगितलं, 'मळी'. ती दारात जाऊन आभाळाकडं तोंड करून तो शब्द म्हणून आली. "आमच्या बोलीत हाक मारून बघितली, मराठीत बघितली. आता ह्या बोलीत बघू."

ती भराभर शिकली. मला त्याचंही जरा पोटात दुखलं, खरं सांगते. माझी भाषा तिच्या तोंडात इतक्या लवकर घरच्यासारखी कशी बसली? पण ते दुखणं वेगळं होतं, ओव्यानं थांबणारं. दुपारभर माझ्या घरात मोठ्यानं कानडी चालायची. ओठातल्या ओठात नव्हे. शेवटी शेवटी आम्हांला डॉक्टर-आजारीही लागेनासे झाले, तिच्या नातवंडांपासून ते माझ्या भावाच्या लग्नापर्यंत काहीही बोलायचो. ह्यांचं जेवण झालं की हे वामकुक्षी घ्यायचे. आता त्यांना झोप येईनाशी झाली. कधी तंबाखूची डबी शोधायला, कधी पाणी प्यायला म्हणून मध्येच यायचे. आम्ही हसत असायचो. आम्ही थांबायचो नाही.

"काय म्हनली ती?" एकदा त्यांनी विचारलंच.

"काही न्हाय. आमचं आपलं."

"मला लमाणीतनं सांगायला सांग तिला."

जमनाबाईनं डोळा मारला. "न्हाय सेक्रेटरी. हितं कानडीची शिकवनी हाय. तुमची संध्याकाळी." ते डबी घेऊन निघून गेले, आणि त्या रात्री जेवताना 'बाटी' म्हणाले नाहीत.

पाऊस भाद्रपदात थोडा पडला. ज्वारी पेरण्यापुरता, विहिरी भरण्यापुरता नाही. संघाची गाडी चालू राहिली. दसरा झाला आणि तांड्यावर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला.

निरोप द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, पाट्या, कोयते, दोन शेळ्या आणि सगळ्यांच्या मध्ये जमनाबाईची सून, पुन्हा दोन जिवांची. जमनाबाई फळीला धरून उभी होती. हे खाली उभे राहून तिच्याशी लमाणीत बोलू लागले. लांबलचक, एकही शब्द न अडखळता. याडी, जपून जा, पोरीला जप, फाल्गुनात लवकर या. मला सगळं कळत होतं. आणि माझ्या पोटातली ती जुनी आग, मला वाटलं होतं विझली, ती भडकून वर आली. सगळा तांडा ह्यांच्याकडं कौतुकानं बघत होता. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या भावाला निरोप देताना हा माणूस नुसता 'या' म्हणतो.

जमनाबाईनं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग ट्रकचं इंजिन सुरू झालं तसं तिनं ह्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं, सगळ्या ट्रकला ऐकू जाईल अशा कानडीत म्हणाली, "तुझा नवरा लई सावकाश शिकतो गं. कधी शिकायला दारात आला तर त्याच्याकडनं दुप्पट फी घे."

ट्रकमधली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. धूळ उडाली, ट्रक वळणावर गेला.

"काय म्हनली?" ह्यांनी विचारलं.

"काही न्हाय."

माळावरून आम्ही परत निघालो. नेहमी हे पुढं चालायचे, मी मागं. त्या दिवशी हे माझ्या बरोबरीनं चालत होते. ओढ्यापाशी त्यांनी पुन्हा विचारलं. बाभळीपाशी पुन्हा. मी नुसती मान हलवली. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला ते एकदम ओळखू आलं. तसाच माझा चेहरा मी रोज हंड्याच्या पाण्यात बघत होते. ह्यांना जळत होतं. मला त्यांची कणव आली नाही. मला फार बरं वाटलं.

गावाची घरं दिसायला लागली तेव्हा ते थांबले. इकडं तिकडं बघितलं, कोणी नव्हतं.

"मला बी शिकीव की तुझी बोली," ते म्हणाले. "फुकट नगं. फी देईन."

ह्या एका वाक्यासाठी मी लग्नाच्या दिवसापासून जीव टांगणीला लावला होता. ते आलं तर काय म्हणायचं हे मी किती वेळा ठरवलं होतं, आणि त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"दुप्पट पडंल," मी म्हटलं.

"दुप्पट? का म्हनून?"

"शिकलात म्हंजी कळंल," मी म्हटलं, आणि पुढं चालू लागले.